एका मडक्यातली खळ

इनायत मास्तर पळसटोल्याच्या शाळेत रुजू झाला, त्या सकाळी मोठ्या गुरुजींनी, गुणवंतरावांनी, त्याला बसायलाही सांगितलं नाही. चिंचेची एक ओली छडी त्याच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "पहिली-दुसरी मिळून बेचाळीस पोट्टे हायेत. याच्याबिगर एकही ऐकत नाई."

शाळा म्हणजे एक लांबुळकी खोली आणि मधोमध बांबूचा तट्टा. तट्ट्यापलीकडे गुणवंतराव गुरुजींची तिसरी-चौथी. अठरा वर्षं ते याच गावात होते, आणि त्यांच्या वर्गात माशी उडाली तरी ऐकू येई. अलीकडे इनायत. वय तेवीस, नवं ट्रेनिंग नुकतंच झालेलं. बाप चांद्यात मोहरमचे ताजिये बांधायचा, लग्नातले कागदी मांडवही करायचा. त्यामुळे कामट्या, कागद आणि खळ यांच्यातच इनायत लहानाचा मोठा झाला होता.

दुसऱ्याच दिवशी त्याच्या हातून छडी चालली. कोलू नावाचा गोंडाचा पोरगा, सगळ्यांहून दोन वर्षांनी थोराड, पाटी उचलून सरळ शेजाऱ्याच्या डोक्यात घालायचा. इनायतनं त्याला चार छड्या दिल्या. कोलू रडला नाही. पाचवीसाठी त्यानं हात आपणहून पुढे केला. सारा वर्ग हसला. कोलूला नाही, मास्तरला. त्या दिवसानंतर त्यानं छडीला हात लावला नाही.

रविवारी तो चामोर्शीच्या बाजारात गेला. रंगीत पतंगी कागद आणि एक मोठं मडकं घेऊन आला. तांदळाच्या पिठाची खळ शिजवली, मडकं वर्गाच्या मधोमध ठेवलं आणि भोवती पोरांना गोल बसवलं. कामट्या सोलायची पाती त्यानं कोलूच्या हातात दिली.

"हे तुह्या ताब्यात. कोणाचं बोट कापलं तर जाब तुले द्या लागन."

कोलू पातीकडे पाहत राहिला, मग मास्तरकडे. त्या दिवशी त्यानं कुणाला मारलं नाही. त्याला तेवढी सवडच मिळाली नाही.

कामट्या वाकवून पोरांनी मासे केले, मोर केले. माशाच्या पोटावर 'म' लिहायचा, मोराच्या पिसाऱ्यावरही 'म' लिहायचा. गलका वाढला की इनायत आवाज चढवत नसे, उतरवत असे. इतका की मागच्या पोरांना ऐकायचं तर आधी स्वतःच गप्प बसावं लागे. कुणी भांडलं तर त्याचं अर्धं काम खुंटीला टांगलं जाई. राग गेला की त्यानंच ते उतरवून पुढे करायचं. रामाजी पाटलाची पोरगी कमळा आणि महारवाड्यातली भागीरथा, दोघींनी मिळून हातभर लांब मोर केला. शेपूट कुणी करायची यावरून तीन दिवस भांडल्या, आणि चौथ्या दिवशी दोघींनीही केली. दिवाळीपर्यंत दुसरीतली निम्मी पोरं धडा वाचू लागली.

तट्ट्यापलीकडे हे सारं ऐकू जात होतं.

"मास्तर, शाळा हाये का बुरडाचं दुकान?" गुणवंतरावांनी एकदा दारातूनच विचारलं.

"वाचूनही राह्यले ना गुरुजी पोट्टे. या, ऐका."

"मले नका शिकवू."

त्यांच्या वर्गातली पोरं तट्ट्याच्या फटींना डोळे लावून बसत. एकाला त्यांनी त्यापायी वळ उठेस्तोवर मारलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या फटी शेणामातीनं लिंपून टाकल्या. तेव्हापासून दोघा मास्तरांत बोलणं उरलं नाही. इनायत सकाळी नमस्कार करी आणि गुणवंतराव खिडकीबाहेर पाहत.

मग एका सोमवारी रामाजी पाटील सात-आठ माणसं घेऊन शाळेत आला. पायातले जोडे न काढता वर्गात शिरला आणि मडक्यापाशी उभा राहिला.

"माही कमळा सांगून राह्यली, सगळ्यायची बोटं याच मडक्यात जातेत म्हणून. खरं हाये का?"

"खळ हाये ते, रामाजीभाऊ. खायाचं नाई, चिकटवाचं."

"मंग तेच बोट घरी येऊन माह्या चुलीपाशी जाते ना?"

"धुते ना ती हात."

मागून कुणी ओरडलं, "पोट्टे आमी बाबू व्हाले धाडतो. कामट्या सोलाले शाळा कायले पायजे?"

गुणवंतराव दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. ते हळूच म्हणाले, "दोन मडकी ठेवा ना मास्तर. एक इकडे, एक तिकडे. कायले गावाशी वैर करता?"

इनायतनं त्यांच्याकडे पाहिलं. पाटलाच्या कानाशी कोण लागलं, ते त्या आवाजावरूनच त्याला कळलं.

"मडकं एकच राहीन," तो म्हणाला.

रामाजीनं कमळाचा दंड धरला आणि तिला ओढत घेऊन गेला. बाकीच्यांनीही आपापली पोरं उठवली. दुसऱ्या दिवशी हजेरीला नऊ पोरं होती: सहा महारवाड्यातली, तीन गोंडांची. त्या आठवड्यात इनायतला विहिरीवर पाणी मिळेना. ज्याच्या पडवीत तो राहत होता, त्यानं त्याची पेटी अंगणात आणून ठेवली. इनायत शाळेच्या ओसरीत राहायला आला. गुणवंतराव येता-जाता त्याच्या चुलीकडे पाहत आणि पुढे जात.

तीन आठवडे तो तगला. नऊ पोरांवर वर्ग चालायचा नाही, हे त्याला ठाऊक होतं. शेवटी त्याच्या डोक्यात एक तोड आली. पोरांना त्यानं पळसाच्या पानांचे द्रोण टाचायला शिकवले. ज्याची खळ त्याच्या द्रोणात. मडकं बाजूला सरलं. हीसुद्धा हस्तकलाच की, असं तो स्वतःला समजावत राहिला. बातमी गावात गेली आणि पोरं परतू लागली. आठवड्यात वर्ग पुन्हा भरला.

गुणवंतराव त्या दिवशी स्वतःहून बोलायला आले. "आता तुमी मास्तर झाले," म्हणाले, आणि हसले.

दोन दिवसांनी कमळाच्या द्रोणातली खळ संपली. शेजारी बसलेल्या भागीरथानं आपला द्रोण तिच्यापुढे केला. कमळानं हात मागे घेतला आणि परकराला पुसला. खळ तर लागलीही नव्हती. भागीरथानं द्रोण परत जवळ ओढला. मग मास्तरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमी पयले मोर केला होता ना गुरुजी? तवा घेत होती ही."

दुसऱ्या दिवशी सकाळी इनायतनं सगळे द्रोण गोळा करून चुलीत घातले, मडकं पुन्हा मधोमध मांडलं आणि शाळा भरण्याआधी रामाजीच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"मडकं परत ठेवलं, रामाजीभाऊ. दुसऱ्याकडून समजाच्या आधी मीच सांगतो."

"मंग तू चालता हो गावातून," रामाजी म्हणाला. गावातला कुणी मास्तरला अरे-तुरे करत नसे. त्या दिवसापासून सगळे करू लागले.

या वेळी एकोणीस पोरं राहिली. कमळा नव्हती. गावानं अर्ज केला, तो गुणवंतरावांनी आपल्या सुबक अक्षरात लिहून दिला, आणि पंधरा दिवसांत वरून हुकूम आला: इनायतची बदली सिरोंच्याकडे. दोन्ही वर्ग पुढची नेमणूक होईपर्यंत गुणवंतरावांनी बघायचे.

जायच्या दिवशी दुपारी त्यानं वर्गाचा चार्ज दिला. मुखरूची बैलगाडी बाहेर उभी होती. चामोर्शीला संध्याकाळची मोटार गाठायची होती. पोरं कामट्या सोलत बसली होती. गुणवंतराव वर्गात आले आणि ओरडले, "बंद करा हे!"

कुणी मान वर केली नाही. ते पुन्हा ओरडले. कोलू पातीनं कामटी सोलतच राहिला.

गुणवंतरावांनी इनायतकडे पाहिलं. अठरा वर्षांत त्यांनी कुणाकडे असं पाहिलं नसेल. इनायतनं एक शब्द हळू आवाजात टाकला असता तर पोरं थांबली असती. दोघांनाही ते माहीत होतं.

"तुमचा वर्ग हाये आता," इनायत म्हणाला. पेटी उचलली आणि बाहेर पडला. आतून त्याला बरं वाटत होतं. कितीतरी महिन्यांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

गाडीपाशी पोचला आणि मागून पहिला फटका ऐकू आला. मग दुसरा. पाठोपाठ पाती जमिनीवर पडल्याचा आवाज आला, आणि मग भागीरथाचं रडणं. मार कोलूला बसत होता. रडत होती ती.

"चला मास्तर, मोटार चुकन," मुखरू म्हणाला.

इनायत धावत परत गेला. गुणवंतरावांचा हात वर होता. त्यानं मनगट धरलं.

"सोडा."

"नाई सोडत."

"बदली झाली तुमची. कोण तुमी इथी?"

"कोणी नाई. पण शाळा सुटेस्तोवर मी इथीच बसून आहो. उचला हात, मी परत धरतो."

गुणवंतरावांचं मनगट बारीक होतं, म्हाताऱ्या माणसाचं. ते इनायतला तेव्हा प्रथमच जाणवलं. त्यानं हात सोडला, पण हलला नाही. दाराशी बसून राहिला. कोलूच्या पाठीवर चार लाल वळ होते. त्यातला एकेक आपण बाहेर पडताना ठेवून गेलो, असं त्याला वाटत होतं. कोलूनं त्याच्याकडे एकदाही पाहिलं नाही. त्या दुपारी गुणवंतरावांनी पुन्हा हात उचलला नाही आणि शिकवलंही नाही. मोटार गेली.

वरिष्ठावर हात टाकल्याचा ठपका त्याच्या आधी सिरोंच्याला पोचणार होता, आणि तो खरा होता.

रात्र त्यानं मुखरूकडे काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी शाळेवरून गेली. शाळा भरली होती. गुणवंतराव दारात उभे होते. इनायतनं नमस्कार केला. ते खिडकीकडे वळले नाहीत, पण नमस्कारही घेतला नाही. मुखरूनं बैलांना हाक दिली. गाडी वळणावर जाईपर्यंत इनायत कान देऊन होता. आतून मारल्याचा आवाज आला नाही, हसण्याचाही नाही. ती शांतता कसली होती, ते त्याला पुढे कधीच कळलं नाही.