कानशीतला खडू

मी कानस बोलतेय, लोखंड घासायची. सन दोन हजार बावीस, मार्गशीर्ष लागला होता. डहाणूजवळच्या वरोर गावात काठ्यांवर बोंबील वाळत होते. त्या दिवसांत चिमण मेस्तरीने मला खिळ्यावरून खाली काढलं.

चिमण बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. शाळा चौथीपर्यंत. डहाणूच्या बाजारात त्याने मला घेतलं तेव्हा त्याचे केस काळे होते. माझी मूठ चिकूच्या लाकडाची, त्यानेच बसवलेली. माझं काम साधं आहे. पुढे जाताना कापायचं, मागे येताना उचलून घ्यायचं. मागे ओढतानाही जो दाबतो, तो माझे दात घालवतो. चिमणने तसं एकदाही केलं नाही.

त्याची लेक रूपी मासळी विकते. रूपीची मुलगी नीलम मुंबईला इंजिनियरिंगला लागली. घरात एवढं शिकणारी ती पहिली. पहिल्या वर्षाला वर्कशॉप असतं. लोखंडी पट्टीचे दोन तुकडे कानशीने घासून एकात एक बसवायचे. त्याला जॉब म्हणतात.

"हे तर आपलंच काम," चिमण म्हणाला. त्याने माझ्या दातांत खडू चोळला आणि मला नीलमच्या हातात दिलं. खडू असला की लोखंडाचा कीस अडकत नाही; घासत जावं तसा खडू उडत जातो. "जॉब झाला की घेऊन ये. उन्हाला धरून बघीन. फटीतून उजेड दिसता कामा नये."

"मास्तरापेक्षा तूच कडक, आजा," नीलम हसली. "आणीन."

हा तिने दिलेला शब्द. मी ऐकलेला.

वर्कशॉपमध्ये पहिल्याच दिवशी एकाने मला उचललं. "ही कुठल्या म्युझियममधून आणलीस?"

"माशांचे खवले काढायची असेल," दुसरा म्हणाला.

सगळे हसले. नीलमही हसली. मला तिने पिशवीत टाकलं. कॉलेजची कानस घेऊन दोन तास घासलं, तळहाताला फोड आले, मग तेही सोडलं. पुढे गणिताची परीक्षा आली, असाइनमेंटा आल्या. एका वहीवरून दहा जणांनी उतरवायचं आणि खाली सही मात्र आपापली करायची, हे मी हॉस्टेलमध्ये पाहिलं.

जॉब द्यायच्या आदल्या दिवशी खोलीतली किंजल म्हणाली, "अगं, सीनियरकडे गेल्या वर्षीचा तयार जॉब पडलाय. त्याच्यावरचा रोल नंबर घासून टाक, तुझा ठोक. सर फक्त नंबर बघतात. सगळे तेच करतात."

नीलम जाऊन तो जॉब घेऊन आली. मग तिने मला बाहेर काढलं. माझ्या टोकाने, पाच-सहा फटक्यांत, दुसऱ्याचा नंबर मिटला. लोखंड समोर आलं की मी कापते, एवढंच मला येतं. पण माझ्या हातून झालेलं ते एकच खोटं काम. त्याची लाज अजून आहे.

शिमग्याला ती सरांनी तपासून परत दिलेला जॉब घेऊन घरी आली. चिमणने जॉब उन्हाला धरला. उजेड दिसला नाही.

"बघ बा, तुझ्या वरताण निघाली," रूपी म्हणाली.

चिमण हसायला लागला होता. मग त्याने मला मागितलं, उलटंपालटं करून पाहिलं. दातांत खडू पांढराधोप होता. फक्त टोकाला दोन बोटं उडाला होता.

"हा जॉब कुणाचा?"

त्याने मला नीलमसमोर धरलं.

"खडू तसाच आहे, पोरी."

त्याने जॉब तिच्यासमोर ठेवला आणि मला खिळ्यावर टांगलं. "हिला आता हात लावायचा नाही."

दोन वर्षं मी तिथेच. खाऱ्या वाऱ्याने गंजले. चिमणने स्वतःसाठी दुसरी कानस घेतली. नीलम सुट्टीला यायची, त्याच्या कामाच्या शेडच्या दारात चहा ठेवायची, निघून जायची. ती पास झाली का, हे तो रूपीला विचारायचा. तिला नाही. त्याची नजर कमी झाली. एकदा त्याचा हात माझ्यापर्यंत आला आणि मागे गेला. माणसं हट्टालाच मान समजतात. मीही कडक लोखंडाची, म्हणून यावर जास्त बोलत नाही.

सन पंचवीसच्या मे महिन्यात नीलमने न विचारता मला खाली काढलं. तारेच्या ब्रशने गंज काढला. दातांत खडू चोळला. पट्टीचे कोरे तुकडे शेगड्याच्या लोखंडी जबड्यात आवळले.

"कॉलेजातली मशीनं बंद पडली काय?" चिमण म्हणाला. दोन वर्षांनी तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"एक जॉब द्यायचा राहिलाय."

"कुणाला?"

"तुला."

तो पुन्हा इंजिनाकडे वळला. थोड्या वेळाने पाठमोराच म्हणाला, "मागे येताना उचल."

पहिल्या दिवशी फटीतून उजेड दिसला. दुसऱ्या दिवशीही, कोपऱ्यात केसाएवढा. तिचे फोड फुटले. तिने फडकं बांधलं.

चौथ्या दिवशी दुपारी तिने एकात एक बसवलेले तुकडे त्याच्या हातात दिले. नजर कमी म्हणून त्याने रूपीला हाक मारली. "उन्हाला धर. उजेड दिसतो?"

रूपीने धरलं, फिरवून पुन्हा धरलं. "नाही, बा."

मग त्याने माझ्या दातांवरून अंगठा फिरवला, मुठीपासून टोकापर्यंत. अंगठ्याला खडू लागला नाही.