तारणातली वर्गखोली

मी एक लाकडी वर्गखोली बोलतेय. ट्रकवर चढवून कुठेही नेता येते अशी. हॅमिल्टनजवळच्या एका यार्डात मला बांधलं. तीस वर्षं एका सरकारी शाळेत काढली. पुढे तिथली मुलं घटली आणि मी विकायला निघाले.

२००६ साली मला बघायला वसुंधराबाई आल्या. मूळच्या पुण्याच्या शिक्षिका. टाकानिनी या उपनगरात त्यांनी काही पालकांबरोबर छोटी शाळा काढली होती, चर्चच्या हॉलमध्ये. दर शुक्रवारी सगळी बाकं उचलून हॉल रिकामा करून द्यावा लागे. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष हेमी, धिप्पाड माओरी गृहस्थ, माझ्या भिंतीवर थाप मारून म्हणाले, "स्वीट अ‍ॅज, वसु! एकदम झकास! हीच घ्यायची."

पण पैसे कोण देणार? बँकेनं विचारलं, शाळा खासगी, जागा भाड्याची, मग तारण काय? दुसरीनंही तेच विचारलं. शेवटी एक फायनान्स कंपनी तयार झाली. म्हाताऱ्या माणसांच्या ठेवी घ्यायच्या आणि त्यातून कर्ज द्यायचं, हा तिचा धंदा. तिचा माणूस कागद घेऊन यार्डातच आला. कुणीतरी आपलं घर तारण ठेवायचं, एवढंच त्याचं म्हणणं.

बाईंचे यजमान गुरुनाथ इंजिनिअर. कागद वाचता वाचता ते थांबले.

"हे कलम वाचलंस? ते मागतील तेव्हा सगळं कर्ज एकदम फेडायचं."

"अहो, तसं लिहावंच लागतं त्यांना."

"वकिलाला दाखवू. दोन दिवस थांब."

"तोवर दुसरं कुणी घेऊन जाईल ही खोली."

बाईंनी स्वतःचं राहतं घर तारण ठेवून सही केली. त्यांच्याकडे बघत गुरुनाथांनीही केली. मला तेव्हा आनंद झाला होता, हे सांगायला आज लाज वाटते.

वर्ष छान गेलं. सव्वीस मुलं, दाराशी ओल्या जँडल्सचा, म्हणजे रबरी चपलांचा, ढीग. मग एका सकाळी हेमी पेपर घेऊन आले. कुठलीशी फायनान्स कंपनी बंद पडली होती. महिन्याभरात आणखी एक. "आपली नाही ना," बाई म्हणायच्या. पुढे पुढे पेपर आला की त्या आधी हेमींचा चेहरा बघायच्या.

पत्र आलं ते वर्ग चालू असताना. कंपनी बुडाली होती, वसुली अधिकारी नेमले होते. कर्ज तीन आठवड्यांत फेडायचं होतं. बाईंनी उभ्याउभ्या ते वाचलं, घडी घातली आणि अपूर्णांकांचं उरलेलं गणित पुरं केलं.

मुलं गेल्यावर गुरुनाथ आले. 'मी सांगितलं होतं,' असं ते म्हणाले नाहीत. लहान मुलांच्या खुर्चीवर बसून त्यांनी विचारलं, "अनुष्काला कसं सांगायचं?" अनुष्का त्यांची मुलगी. ती त्याच घरात वाढली होती.

मला विकलं, पण तेवढ्यानं भागलं नाही. घरही गेलं. मुलं पुन्हा हॉलमध्ये गेली.

आता मी दुसऱ्या एका यार्डात विटांवर उभी आहे. जमिनीला ओल धरलीये. गेल्या शनिवारी वसुंधराबाई आल्या. सोबत अनुष्का होती.

"आई, please, let's go."

बाईंनी छताकडे पाहिलं, खिडकी उघडून पाहिली. मग यार्डाच्या मालकाकडे वळून हळूच विचारलं, "केवढ्याला देणार?"

बाई, मला न्यावं असं मलाही वाटतं. पण या खेपेला कुणी दोन दिवस थांब म्हणालं, तर थांबा. मी कुठे जात नाही.