अडीच सेंटिमीटर

आमच्या सरांना परिषदेत निबंध वाचायचा होता: हाडांच्या शिकाऊ सर्जनांची परीक्षा पाच देशांत कशी घेतात. वाचणार सर, राबणार मी! तीन आठवडे नियमावल्या उपसून मी तक्ता केला. एका देशात परीक्षक उमेदवाराला ऑपरेशन करताना समोर उभं राहून पाहतात. दुसऱ्यात केलेल्या ऑपरेशनांची वही तपासतात. तिसऱ्यात पेशंट म्हणून चक्क नट झोपतो आणि संध्याकाळी आपल्या पायांनी घरी जातो. आमच्याकडे चार वर्षांत माझे हात कुणी पाहिले नव्हते. कुठल्याशा वर्गीकरणाचा चौथा प्रकार आठवला नाही म्हणून मी दोनदा नापास. ही शेवटची संधी होती. हुकली की चार वर्षं पाण्यात.

परीक्षेच्या दिवशी तपासायला माझ्या वाट्याला जे काका आले, त्यांना सगळा वॉर्ड 'हुकमी केस' म्हणतो. खुब्याचा सांधा झिजलेला, उजवा पाय आखूड. सरावाला मीही त्यांना चालवून पाहिलं होतं. विचारपूस मात्र कधी केली नव्हती.

मी टेप लावली. साडेतीन सेंटिमीटर. पुन्हा लावली, तरी साडेतीन.

"अडीच म्हणा, बाई," काका कुजबुजले. "सरांच्या उत्तराच्या कागदावर अडीच आहे. मागच्या वर्षीचे डॉक्टर तीन म्हणाले, बिचारे नापास झाले."

"हे अडीच मोजलं कधी?"

"पहिल्या परीक्षेला. नऊ वर्षं झाली की. सर म्हणतात, एवढी परीक्षा होऊ दे, मग सांधा बदलू. पण परीक्षा काय, दर वर्षी येते! जिना चढवत नाही, लेकीच्या स्वयंपाकघरात झोपतो."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"माझ्यामुळे पोरं शिकतात म्हणाले. मग भांडायचं कसं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मागच्या वर्षीचा तो बिचारा बरोबर होता. पाय दर वर्षी झिजत होता आणि उत्तर जागच्या जागी होतं.

सर आणि बाहेरगावचे परीक्षक पलंगाशी आले.

"पाय किती आखूड?"

"साडेतीन."

सरांनी कागद पाहिला. "नीट आठव. तुझी शेवटची संधी आहे."

"आठवायचं काय त्यात, सर? मोजा ना!" मी टेप पुढे केली. सरांनी हात खिशातून काढला नाही. बाहेरच्या परीक्षकांनी मात्र टेप घेतली, वाकून दोनदा मोजलं.

"साडेतीनच आहे हो," ते म्हणाले.

मला वाटलं, आता तरी सरांना लाज वाटेल. सरांनी पेन काढलं, 'अडीच' खोडून 'साडेतीन' लिहिलं आणि काकांच्या खांद्यावर थोपटलं. "पुढच्या वर्षी हे लक्षात ठेवा हं."

काकांनी मान डोलावली.

पास-नापास गेलं चुलीत! मी सरांच्या हातातलं पेन ओढून घेतलं आणि त्या आकड्याखाली लिहिलं: 'ऑपरेशनसाठी आजच भरती.'