अ‍ॅल्युमिनियमचे सोळा इलेक्ट्रॉन

मी शिवणकाम करते आणि या वयात शाळेची राहून गेलेली शेवटची परीक्षा द्यायला निघाले आहे. म्हातारचळ म्हणा हवं तर. आमचे हे म्हणतातच.

लेक नोकरीसाठी दूरदेशी गेली, तिथे एका प्रयोगशाळेत असते. पूर्वी तिचा फोन म्हणजे, "जेवलीस का? बरं, ठेवते." पोटची पोर, पण बोलायला विषयच उरला नव्हता. मग माझं घोडं रसायनशास्त्रात अडलं आणि ती रविवारी दुपारी तासभर बोलू लागली.

"आई, अ‍ॅल्युमिनियमचा अणुअंक तेरा, म्हणून प्रोटॉन तेरा. वस्तुमानांक सत्तावीस. त्यातून तेरा वजा केले की उरले ते न्यूट्रॉन."

"चौदा."

"शाब्बास. आता त्याचा आयन. डोक्यावर तीन अधिक लिहिलंय. इलेक्ट्रॉन किती?"

"सोळा."

"अगं, अधिक म्हणजे आले नाहीत, गेले. इलेक्ट्रॉनवर ऋण प्रभार असतो ना? तीन गेले, दहा उरले. प्रोटॉन आहेत तेवढेच राहतात."

त्या दिवशी मी खरंच चुकले होते. घरातलं कुणी गेलं की अधिक लिहायचं, हा कुठला न्याय? माझी एकच गेली, तर घर खायला उठतं. पण तिने इतक्या मायेने समजावलं, की पुढच्या रविवारीही मी सोळाच म्हटलं. त्याच्या पुढच्याही. बाहीच्या मापात सूतभर न चुकणारी बाई मी, राजरोस चुकत राहिले. कारण ती एकदा म्हणाली होती, "हे जमलं की रसायन संपलं. मग तुझं तू करशील." जमवून मी काय करू?

घात केला तो यांनी. माझी सोडवलेली सरावपत्रिका कौतुकाने फोटो काढून लेकीला पाठवली.

"आई, पत्रिका पाहिली," रविवारी ती म्हणाली. "सगळे आयन बरोबर आहेत."

मी मशीनवरचे दोरे उगाच गोळा करू लागले.

"मग मला दर वेळी सोळा का सांगतेस?"

"बरोबर सांगितलं तर तू फोन ठेवशील. मला तुझा आवाज हवा असतो गं."

तिने नाक ओढल्याचं ऐकू आलं. मलाही समोरचं कापड नीट दिसेना.

मग ती म्हणाली, "क्लोराइड येतो? वस्तुमानांक पस्तीस."

सतरा प्रोटॉन, अठरा न्यूट्रॉन, एक जास्तीचा घेतला म्हणून अठरा इलेक्ट्रॉन. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

"नाही येत," मी म्हटलं.

"पहिल्यापासून सांगू?"

"सांग."

पलीकडे तिने खुर्ची ओढून घेतली. "तर बघ, आई," ती म्हणाली, "अणूच्या अगदी मधोमध…"