हकीम शाजलीचे साक्षीदार

"काढा, सगळ्यांनी मोबाइल बाहेर काढा!" जुन्या तेलघाण्याच्या ओट्यावर उभा राहून हकीम शाजली ओरडला. "त्यात लिहा, 'साखरेवर कायमचा इलाज'. लिहिलंत? आता सांगा, सगळ्यात वर कोणाचं नाव आलं?"

"तुमचं! तुमचं!" गर्दी उसळली.

"मी या जर्जीस गावात एक तरी पाटी लावली? रेडिओवर जाहिरात दिली? मग त्रिपोलीतल्या माणसाच्या फोनवर माझं नाव लिहितो कोण?"

एवढं बोलून हकिमानं एक बोट आभाळाकडे नेलं आणि डोळे मिटून घेतले. पुढच्या रांगेतली एक म्हातारी मोठ्यानं रडू लागली. ऑलिव्हच्या झाडांखाली सीमेपलीकडून आलेल्या, लिबियाच्या नंबराच्या गाड्या ओळीनं लागल्या होत्या. वाळू घेऊन गरम वारा सुटला होता, तरी कोणी जागचं हलत नव्हतं. मग हकिमानं काळ्या अर्काची बाटली उंच धरली. "मी आजाराला त्याच्या आईचं नाव विचारतो. आजार लाजतो आणि आपण होऊन चालता होतो!"

आजार लाजत होता की नाही कोण जाणे; हकीम मात्र लाजत नव्हता.

गर्दीच्या कडेला नझीहा चुळबुळत उभी होती. गावातल्या माध्यमिक शाळेत ती अरबी शिकवायची. ती आली होती थोरल्या भावाला शोधत, आणि तो पहिल्याच रांगेत सापडला. बशीर काठीवर भार देऊन उभा होता. फडक्यात गुंडाळलेला डावा पाय त्यानं जमिनीला टेकू दिला नव्हता.

बशीर म्हणजे एकेकाळचा नावाजलेला मच्छीमार, भर वादळातून नाव बंदरात आणणारा. बायको गेल्यावर तो बहिणीकडे राहायला आला होता. साखरेचा आजार जुना. रोज पोटात सुई टोचून घेण्याचा त्याला वीट आला होता. हकिमाचा अर्क सुरू केला त्याच दिवशी त्यानं इन्सुलिन बंद केलं. अंगठ्याजवळची एवढीशी जखम आता काळी पडत चालली होती.

घरी आल्यावर नझीहानं पुन्हा विषय काढला. थोरल्या भावाला ती लहानपणापासून खूया म्हणायची. "खूया, माझं ऐक, दवाखान्यात चल. डॉक्टर सांगतात, आणखी उशीर केलास तर पाय जाईल."

"डॉक्टरला गिऱ्हाईक हवंय."

"आणि तुझ्या हकिमाला काय हवंय? जावई?"

"कर थट्टा. मास्तरीण ना तू, तुला सगळ्यांच्या चुकाच दिसायच्या." बशीरनं मोबाइल तिच्यापुढे सरकवला. "हे वाच. हा वहरानचा शिक्षक. ही बेंगाझीची विधवा. हा सूसचा पोलीस. एक माणूस खोटं बोलेल, दोघं बोलतील. ही एवढी माणसं, वेगवेगळ्या गावची, एकमेकांना न ओळखणारी, सगळीच खोटं बोलतील? जग वेडं आणि तू एकटी शहाणी?"

मधल्या परातीतलं कुसकुस गार झालं. बशीरनं हरीसाची तिखट चटणी लावलेला पावाचा तुकडा तोंडात टाकला आणि वर अर्काचे थेंब घेतले. फडक्याला येणारा वास तिला जेवू देत नव्हता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्याबरोबर तिनं ते सगळे अनुभव वाचायला घेतले. कोणीही यावं, नाव सांगावं आणि लिहावं, अशा चव्हाट्यासारख्या वेबसाइटवर ते छापलेले होते. तिथे पाककृती होत्या, कविता होत्या, नवऱ्यांच्या तक्रारी होत्या. बहुतेक माणसं मनापासून लिहीत होती. कोण खरा, कोण खोटा, हे तपासायला मात्र तिथे कोणी बसलेलं नव्हतं. आणि हकिमाचं गुणगान करणाऱ्या प्रत्येक लेखाच्या शेवटी एक ओळ ठरलेली: अधिक माहितीसाठी इथे बोट लावा. बोट लावलं की थेट हकिमाच्या वेबसाइटवर, अर्काच्या बाटलीसमोर.

ती वाचत गेली आणि तिचा हात नकळत लाल पेन शोधू लागला. वहरानच्या शिक्षकाचं दुखणं 'उन्हातल्या लोण्यासारखं वितळलं' होतं. बेंगाझीच्या विधवेचंही तसंच. सूसच्या पोलिसाचंही. तिघांनी एकच शब्द एकाच तऱ्हेनं चुकवला होता. वर्गात तीन मुलींच्या उत्तरात एकच चूक निघाली की नझीहाला पुढचं कोणी सांगावं लागत नसे.

तिनं बशीरला दाखवलं. तो म्हणाला, "दुखणं गेलं की माणसं सारखीच बोलतात. त्यात काय?"

तिनं त्याच चव्हाट्यावर स्वतःच्या नावानं सावध करणारा लेख लिहिला. तो कोणी वाचला नाही. एकानं तेवढं खाली लिहिलं, "तुला डॉक्टरांनी किती खाऊ घातलं?" शाळेत शिकवताना तिचं चित्त थाऱ्यावर राहीना. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून ती थांबायची आणि मुली एकमेकींकडे बघायच्या. भावाचा पाय घोट्यापर्यंत सुजला होता आणि तो म्हणत होता, "विष बाहेर पडतंय, हकीम म्हणाला."

मग चिडून, जरा घाबरतच, तिनं एक उद्योग केला. 'तताऊनची हाज्जा मबरूका' असं हज करून आलेल्या बाईचं नाव घेतलं आणि लिहायला बसली. मी पायऱ्यांवरून पडले, माझ्या जिभेचं हाड मोडलं. सफाक्सच्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले. हकीम शाजलींचा अर्क घेतला आणि हाड सांधलं, दुखणं उन्हातल्या लोण्यासारखं वितळलं. हकिमाच्या स्तुतीत तिनं कसर ठेवली नाही. विद्यार्थिनींच्या निबंधात जे जे खोडायची ते ते सगळं तिनं ओतलं. शेवटी हकिमाच्या वेबसाइटकडे नेणारी ओळ जोडली.

दोन दिवसांत हाज्जा मबरूका हकिमाच्या वेबसाइटवर पहिल्या पानावर झळकली.

बाजाराच्या दिवशी हकीम ताजे साक्षीदार वाचून दाखवायचा. नझीहा त्या दिवशी थेट ओट्यापाशी जाऊन उभी राहिली. शेजारी बशीर होता. "मास्तरीणबाई अर्क घ्यायला आल्या वाटतं," तो पुटपुटला.

"तताऊनची हाज्जा मबरूका!" हकिमानं आवाज चढवला. "ऐका, बिचारीच्या जिभेचं हाड मोडलं होतं..." तो क्षणभर अडखळला. पण गर्दीतून "अरेरे!" असा सूर उमटला आणि त्याला चेव आला. "सफाक्सचे डॉक्टर हरले!"

"हकीमसाहेब," नझीहानं विचारलं, "हाड नुसत्या अर्कानं जुळलं, की तुम्ही हातानं बसवलंत?"

"मी! या हातांनी!" हकिमानं दोन्ही पंजे वर केले. "आत बोट घातलं, हाड चाचपलं, जागेवर बसवलं. कट्‌ असा आवाज आला. बाई तिथेच बोलू लागली!"

"कुठे असतं हो ते हाड? टोकाला, की मुळाशी?"

"मधोमध," हकीम ठामपणे म्हणाला.

नझीहा गर्दीकडे वळली. "सगळ्यांनी आपापलं बघा बरं."

पुढे जे झालं ते जर्जीसच्या बाजारात आजही हसत सांगतात. कोणी तोंडात जीभ घोळवू लागला, कोणी बोटांनी चाचपू लागला. त्रिपोलीच्या एका गाडीवाल्यानं तर जीभ बाहेर काढून गाडीच्या आरशात पाहिली. मागून एक खणखणीत बायकी आवाज आला, "अगं बाई, माझं हाड कोणी नेलं?" आणि हशाचा स्फोट झाला.

"ही बाई नास्तिक आहे!" हकीम किंचाळला. "देवाच्या देणगीची चेष्टा करते!"

"देवाला मध्ये आणू नका," नझीहा म्हणाली. "देवानं जिभेत हाड घातलं नाही. ते मी घातलं. हाज्जा मबरूका मीच." तिनं मोबाइल वर धरला. मबरूकाच्या नावानं तिथल्या तिथे दोन ओळी लिहिल्या आणि शेजारच्या माणसाला त्याच्या फोनवर त्या उघडायला लावल्या.

"असंच वहरानचा शिक्षक झाला, अशीच बेंगाझीची विधवा झाली. त्या वेबसाइटवर कोणीही कोणीही होऊ शकतं. तुमच्या फोनवर हकिमाचं नाव वर आणणारा आभाळात बसलेला नाही. शोधून देणारं यंत्र औषध चाखत नाही, रोगी तपासत नाही. कुठल्या पानाकडे किती पानं बोट दाखवतात, यावर त्याचा मोठा भर असतो. ती बोटं यांनीच उभी केली. मग तुम्ही आलात, आणि तुमच्याकडे बोट दाखवून यांनी आणखी माणसं आणली."

"सिद्ध कर!" हकीम म्हणाला, पण तो ओट्याच्या मागच्या पायरीकडे सरकत होता.

"एक साक्षीदार इथे आणा. फोनवरचा नको, हाडामांसाचा. त्याची आधीची साखर आणि नंतरची साखर दाखवा. मी सगळ्यांसमोर माफी मागेन."

कोणी पुढे आलं नाही. म्हाताऱ्या आईला घेऊन आलेल्या एका लिबियन माणसानं हातातली बाटली जमिनीवर ठेवली आणि तो तिला उचलून गाडीकडे चालू लागला.

बशीरनं बहिणीचा खांदा धरला. मग म्हणाला, "नझीहा, गाडी बोलाव. पायात काही जाणवतच नाहीये मला."

दोन बोटं गेली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडे दिवस घालवले असते तर गुडघ्याखालचं काही हाती लागलं नसतं. शुद्धीवर आल्यावर बशीरनं सुईसाठी स्वतःच सदरा वर केला. बहिणीकडे न बघता म्हणाला, "एवढी माणसं होती गं. मला वाटलं, एवढी माणसं..."

"माणसं नव्हती, खूया. नावं होती."

हकीम गावातून नाहीसा झाला, पण त्याची वेबसाइट जागच्या जागी होती, आणि ते लेखही. बाटल्या आता टपालानं जाऊ लागल्या. पोलिसांत तक्रार देऊन झाली, तरी नझीहाला चैन पडेना. ती आणि बशीर मिळून लिहू लागले. त्याच चव्हाट्यावर, स्वतःच्या नावानं, बशीरच्या पायाच्या फोटोसकट. सुरुवातीला वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. तरी ती शाळेतून आली की आधी मोबाइल उघडायची.

एका दुपारी लिबियातल्या झुवाराच्या एका आईचा निरोप आला. "तुमचं वाचलं. माझा मुलगा अर्कावर आहे, इन्सुलिन बंद केलंय. तो खूप पाणी पितो, सारखा झोपतो. हकिमाच्या बाजूनं लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही दोघंच आहात. मी विश्वास कोणावर ठेवू?"

नझीहानं उभ्याउभ्याच उत्तर लिहिलं. "ताई, कोणावरच नको, माझ्यावरसुद्धा नको. मीही तुमच्यासाठी फोनवरचं एक नावच आहे. पण हा उशीर करण्याचा आजार नाही. मुलाला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, तिथे रक्तातली साखर मोजायला सांगा, आणि आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पुढे जन्मभर जो कोणी चमत्कार सांगेल, त्याला आधी मोजायला लावा. निघा."

पलीकडून तीनच शब्द आले. "गाडी काढतोय आम्ही."