समोरचा वारा

कुठलं विमान किती वेळात कुठे टेकेल, हे काढण्यात त्याची हयात गेली होती. त्या आडबाजूच्या विमानतळावर सगळे त्याला हिशेबनीसच म्हणत. त्याचे वडील, अण्णा, दूर परराज्यात, तसंच एक लहानसं विमानतळ असलेल्या गावी आत्याकडे राहत.

एका सकाळी तो कामावर असताना आत्याचा फोन आला. "अण्णांचं काही खरं नाही. निघ तू." मग तिने फोन त्यांच्या कानाला लावला.

"किती वेळ लागेल रे?" आवाज पार खोल गेला होता.

"नऊशे किलोमीटर आहे, अण्णा. दोन तास हवेत, अर्धा तास रस्त्यात. विमान आत्ता सुटतंय."

"म्हणजे अडीच तास. नक्की?"

"हिशेब माझा आहे."

"मग थांबतो," अण्णा म्हणाले.

तासाभराने त्याने खिडकीतून खाली पाहिलं. जी नदी केव्हाच मागे पडायला हवी होती, ती अजून पुढेच होती. समोरून वारा सुटला होता, अंदाजापेक्षा कितीतरी जोराचा. आपण रेटा दिला तर विमान पुढे सरकेल अशा थाटात तो पाय खाली घट्ट रोवून बसला.

आत्याच्या दारात चपलांचा ढीग पडला होता.

"आत्ताच गेले," आत्या म्हणाली. "डॉक्टरांनी सकाळीच आशा सोडलेली, पण हे घड्याळाकडे बघत तग धरून होते. अडीच तास उलटले तसं म्हणाले, पोराचा हिशेब चुकत नाही, त्याला निघताच आलं नसेल. आणि मान टाकली."

तो रडला नाही. 'निघालोय' एवढंच म्हणालो असतो तर, हा एकच विचार दिवसकार्य होईपर्यंत त्याचं डोकं कुरतडत राहिला.

परतताना तोच वारा पाठीशी होता. विमान वेळेआधीच उतरलं. शिडी दुसऱ्या विमानाला लागलेली होती, त्यामुळे सगळे आतच अडकले. विमानाचे पंखे थांबले. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथून कुणीतरी खाकरलं. खोलीत शिरण्याआधी अण्णा तसंच खाकरत.

"लवकर आलो की आपण."

त्याने मान वळवली नाही. वळवली तर नुसती जागाच दिसेल, याची त्याला धास्ती वाटली.

"वारा पाठीशी होता, अण्णा," तो पुटपुटला.

"म्हणजे जाताना समोर असणार."

"हो."

"एवढंच ना?"

तेवढ्यात दार उघडलं, लोक बॅगा काढायला उठले आणि जागेशी गर्दी झाली.

घरी त्याने बायकोला सांगितलं, "अण्णा भेटले."

तिने त्याच्या हातातली बॅग घेतली. "काय म्हणाले?"

"वाऱ्याचं विचारत होते."

ती बॅग आत घेऊन गेली.

तो अजून तीच नोकरी करतो. एखाद्या विमानाला समोरचा वारा लागला की कचेरीत त्याच्या शेजारी कुणीतरी खाकरतं. तो हातातलं काम थांबवतो, मान वळवत नाही. शेजारच्या खुर्चीवर मात्र कुणाला फाईल ठेवू देत नाही.