दाराला लावलेला गोळा

मी एक जुना पाण्याचा गोळा आहे. मित्रांनो, असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणतो. नाहीतर माणसांशी मैत्री करण्याइतका मी भोळा राहिलेलो नाही.

माझं अंग जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचं. कारखान्यात मला ओतलं, घासलं, आत पाणी भरलं आणि बूच कायमचं बंद केलं. मी वाढत नाही, आक्रसत नाही. माझी लायकी एवढीच, आणि ती थोडी नाही. दवाखान्यात मेंदूची चित्रं काढणारं मोठं मशीन असतं ना, त्याच्या बोगद्यात रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मला झोपवायचे. मी काल होतो तेवढाच आज दिसलो, तर मशीन शहाणं. लहान-मोठा दिसलो, तर मशीन खोटं बोलतंय, कारण मी बदलत नाही.

त्या दवाखान्यात स्मृतिभ्रंशाच्या एका नव्या औषधाचा अभ्यास सुरू झाला. त्याची आखणी संख्याशास्त्राच्या एका बाईंनी केली. सगळे त्यांना पाठीमागे वाटणीबाई म्हणत, कारण कोण कुठल्या गटात हे त्या चिठ्ठ्या टाकूनच ठरवत; मोठ्या डॉक्टरांच्या मेहुण्यालाही त्यातून सूट नव्हती. एका गटाला औषध, दुसऱ्याला नुसती तपासणी. प्रत्येकाच्या मेंदूचं चित्र आज काढायचं, वर्षाने पुन्हा काढायचं आणि कुणाचा मेंदू किती आक्रसला ते पाहायचं. बाईंचं म्हणणं एवढंच होतं, की सगळ्यांना एकाच मशीनवर घ्या आणि रोज सकाळी गोळा मोजा. त्या मला दोन्ही हातांनी उचलत. माझी किंमत कळलेलं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

बिनऔषधाच्या गटात एक घड्याळवाले काका होते. सकाळी जेवलो की नाही हे त्यांना दुपारी आठवायचं नाही, पण बंद घड्याळ हातात दिलं की उघडून, चिमट्याने बारीक स्क्रू काढून, चालू करूनच परत द्यायचे. वाट बघायच्या बाकावरही कुणाचं तरी घड्याळ त्यांच्या मांडीवर असायचंच. सोबत त्यांची लेक यायची. "बाबांचं डोकं जातंय, पण हात शाबूत आहेत," असं ती सगळ्यांना सांगायची. तेवढ्यावर त्या घराचं बरं चाललं होतं.

पहिली चित्रं सगळ्यांची एकाच मशीनवर निघाली. मग दवाखान्यात नवीन मशीन आलं, ऐसपैस बोगद्याचं. औषधाने पोट ढवळायचं आणि हातांना कंप सुटायचा. अशांना जुन्या अरुंद बोगद्यात कोंबायला मोठ्या डॉक्टरांचं मन होईना. त्यांनी फर्मान काढलं, औषधवाले नव्या मशीनवर, बाकीचे जुन्यावरच. आणि गोळ्यापायी सकाळचा वेळ जातो, तेव्हा ते मोजणं बंद.

वाटणीबाई मला घेऊनच तडक त्यांच्या खोलीत गेल्या. "सर, आता फरक दिसला तर तो औषधाचा की मशीनचा, हे कोण सांगणार?"

"बाई, मेंदू म्हणजे काही कापड नाही, दुसऱ्या दुकानात मोजलं की वीतभर कमी भरायला."

"मग दोन्ही गटांतले निम्मे-निम्मे दोन्हीकडे घ्या. निदान गोळा तरी ठेवा."

"इथे माणसं ओकतायत आणि तुम्हाला गोळा सुचतोय."

दया वाईट नसते. पण तिला अक्कल नसली की ती भलत्याच्याच जिवावर बेतते. बाई नोकरी सोडून गेल्या. मला मोठ्या डॉक्टरांच्या खोलीच्या दाराला लावलं, ते वाऱ्याने आपटू नये म्हणून. येणाऱ्या-जाणाऱ्याचा बूट मला लागायचा, आणि वर शिवी मलाच.

वर्षाने दुसरी चित्रं निघाली. औषधवाल्यांचे मेंदू जवळपास होते तेवढेच, बाकीच्यांचे आक्रसलेले. टाळ्या झाल्या, फोटो झाले. मोठ्या डॉक्टरांनी काकांच्या लेकीला बोलावून दोन्ही चित्रं दाखवली.

"औषध न मिळालेल्यांचं काय झालंय ते बघा. बाबांना आता तरी सुरू करू या."

"हातांचं काय, डॉक्टर? ते घड्याळं करतात."

"ताई, डोकं राहिलं तर हात. थोडाफार कंप येईल, चालायचंच."

तिने मान डोलावली. तिच्या जागी कुणीही डोलावली असती.

पुढच्या खेपेला काका बाकावर बसले, तेव्हा चिमटा स्क्रूवर टेकेना. तो पडला, त्यांनी उचलला, पुन्हा पडला. काका हाताकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

मग बातमी आली. दुसऱ्या एका दवाखान्याने तेच औषध एकाच मशीनवर तपासलं होतं, आणि तिथे दोन्ही गटांत काडीचा फरक निघाला नव्हता. आता वाटणीबाईंची आठवण झाली. वरातीमागून घोडं. त्या आल्या, मला दारातून उचललं, रुमालाने पुसलं आणि एकाच सकाळी दोन्ही मशीनमध्ये झोपवलं. नव्या मशीनने मला जुन्यापेक्षा मोठा दाखवला. तिथे मी जेवढा फुगलो, जवळजवळ तेवढंच त्यांच्या औषधाचं कर्तृत्व. औषधवाल्यांचे मेंदूही इतरांसारखेच आक्रसले असणार. नव्या मशीनने ती तूट भरून दाखवली होती.

"आकड्यांत दुरुस्ती करून काही वाचेल?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं.

"कशाच्या आधारावर? दुसऱ्या वेळी एकही औषधवाला जुन्यात नाही, बाकीच्यांतला एकही नव्यात नाही. वर्षभर गोळाही मोजला नाहीत. दोन नळांचं पाणी एका बादलीत ओतलंत, आता वेगळं कोण करणार?"

लेकीला आणि काकांना बोलावून औषध बंद करायला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "बंद केलं की हात थांबतील का?"

"सांगता येत नाही," मोठे डॉक्टर म्हणाले. "तसा अभ्यास झालेला नाही."

 तिने मला उचलून त्यांच्या टाळक्यात घालावं असं मला फार वाटत होतं. मी समोर टेबलावरच होतो, तयार होतो. पण मला उचललं काकांनी. त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि डोळ्यांजवळ धरलं. माझ्या आत, बुचाखाली, हवेचा एक बुडबुडा आहे. तो त्यांच्या हातांत थरथरत होता, काही केल्या एका जागी राहीना.

"हे बिघडलंय गं," काका लेकीला म्हणाले. "थांबतच नाहीये. ठेव इथे, नीट करून देतो."

"बरं, बाबा," असं म्हणून तिने त्यांचे दोन्ही हात आपल्या हातांत घट्ट धरले.

मित्रांनो, आता मला रोज मोजतात, पुसतात, मऊ गादीवर ठेवतात. थुंकता आलं असतं तर त्या कौतुकावर थुंकलो असतो. तुम्हीही मोठे व्हाल, शिकाल, याच्यापेक्षा तो बरा असं सांगत सुटाल. तेव्हा दोघांना एकाच मापाने मोजा, आणि ते मापही रोज तपासा. तेवढी तसदी घ्यायची नसेल तर तुलना करू नका. तोंड मिटा, आणि ज्याचे हात चालतायत त्याला त्याचं काम करू द्या.